अक्काच्या अंगात येत नव्हतं

"मावशी, आईच्या अंगात आलंय. पण आज बोलतच न्हाय..." जोतिबाच्या डोंगरावरून भाचीचा, सुरेखाचा, फोन आला तेव्हा मी खाली शहरात, शाहूपुरीतल्या घरी भाजी निवडत होते. मी म्हणाले, "पायावर पाणी घाल, कपाळाला गुलाल लाव. उतरंल." तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईचं हे उत्तर. त्याला दोन महिने झाले.

अक्का माझी थोरली बहीण. सातवीतच शाळा सोडून ती वडिलांच्या गुलाल-खोबऱ्याच्या दुकानात बसली, म्हणून मी शिकले. गेल्या वर्षापासून पोत्याशी वाकून उठली की ती डोलायची, डोळे मिटायची, तिला धाप लागायची. गिऱ्हाइकं हात जोडायची. एका बाईनं तर आपलं लेकरू तिच्या पायावर घातलं. अक्का करवादली, "ओ पावणं, देव वर देवळात हाय. मला नुसतं गरगरतंय." बाई आणखीच भक्तिभावानं वाकली. मला मात्र अक्का हळूच म्हणाली होती, "दवाखान्यात नेतीस का गं?" परीक्षा संपल्या की जाऊ, असं मी म्हणाले. परीक्षा संपल्या, सुट्टीही संपली.

त्या दिवशी पाऊण तासानं सुरेखाचा दुसरा फोन आला. आईचं तोंड वाकडं झालं होतं, उजवा हात उचलत नव्हता. दवाखान्यात हृदयाची सोनोग्राफी करून डॉक्टर म्हणाले, "डाव्या कप्प्यात गाठ आहे. कॅन्सरची नाही, पण तिचा तुकडा सुटून मेंदूत गेलाय." वाकून उठताना तीच गाठ रक्ताची वाट अडवत होती. ऑपरेशननं ती निघते म्हणे. अक्का तोवर थांबली नाही, चौथ्या दिवशी गेली.

अशी गाठ क्वचित रक्ताच्या नात्यातही निघते, असं डॉक्टर बोलले आणि माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. सुरेखा वाकली की मी तिच्या तोंडाकडे बघत बसायचे. ती चिडायची, "मला काय हुत न्हाय, मावशी." शेवटी गेल्या आठवड्यात तिला त्याच सोनोग्राफीला ओढूनच नेलं. ती डाव्या कुशीवर झोपली, मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले... "सगळं चांगलं आहे," डॉक्टर म्हणाले आणि मला रडूच फुटलं.

सुरेखा रडली नाही. छातीवरचं जेल पुसता पुसता तिनं घड्याळाकडे बघितलं.

"एवढंच असतंय व्हय? धा मिन्टं?"

मी मान डोलावली.

"मग आईचं बी दिसलं असतं की."