पांढरकवड्याच्या जिनात दाखवलेला मूकपट

अब्बांनी जायचं ठरवलं ते एका गिऱ्हाइकाच्या बोलण्यावरून. गोष्ट बासष्टच्या आसपासची. यवतमाळात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. पण माझ्या जन्माच्या आधी ते फिरत्या तंबूत सिनेमाचं मशीन चालवत. मूकपटांचं मशीन, हाताने हँडल फिरवायचं. दुकानात बसलेला एक कॉलेजातला पोरगा म्हणाला, "चाचा, बिनआवाजाच्या पिच्चरले आता कोन हासते? लोकं झोपून जातीन."

अब्बांनी दुकान बंद केलं. घरी आले आणि खाटेखालून त्यांनी तीन डबे ओढले. अम्मी जेवायला वाढत होती, ती तशीच थांबली.

डब्यांत एका विलायती विनोदी चित्रपटाची रिळं होती. तेव्हाची फिल्म फार वाईट. ठिणगी लागली की भडका, आणि तो पाण्यानेही विझत नाही. अब्बांच्या उस्तादांचा तंबू असाच जळाला होता. त्या दिवसानंतर अब्बांनी मशीनला हात लावला नव्हता.

माझा मामू पांढरकवड्याला एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होता. तिथे खेळ दाखवता येईल का, असं अब्बांनी त्याला पत्राने विचारलं; उत्तर आठवड्यात आलं. हंगाम संपलाय, मजूर गावी परतायच्या बेतात आहेत, गोदाम रिकामं आहे, दारं लावली की भरदुपारी अंधार होतो. या म्हणाला.

कापसाचं गोदाम! अम्मी मला म्हणाली, "शमीम, तू संग जा. त्यांच्याजवळून हलू नको." मी एकोणीस वर्षांची होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

हा रस्ता आता तास-दीड तासाचा आहे. टिपेश्वरचे वाघ बघायला जाणारे सर्रास त्यावरून जातात. जायचं तर थंडीत जा, एप्रिलमध्ये नको. आम्ही एप्रिलमध्ये गेलो. सकाळची पहिली एस.टी., दोघांचं तिकीट तीन रुपयांच्या आत. मशीन टपावर बांधलं, डबे ओल्या गोणपाटात गुंडाळून माझ्या पायांशी. जोडमोह्याच्या पुढे दोन्ही बाजूंना निष्पर्ण सागवान, आणि गाडीचा पत्रा इतका तापलेला की हात लावता येईना. समोरच्या सीटवरच्या माणसाने बिडी पेटवली. डब्यांत काय आहे ते सांगावं तर कंडक्टर खाली उतरवणार, न सांगावं तर ठिणगी पडायची भीती.

"काका, मले उलटी होऊन राह्यली धुरानं," मी म्हणाले. त्याने बिडी विझवून खिडकीतून टाकली. अब्बा समोर बघत होते. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि तो उन्हाचा नव्हता.

उमरीला गाडी थांबली. लोक आलूबोंडे खायला उतरले, गरम आणि झणझणीत होते म्हणे. मी डबे सोडून उतरले नाही.

जिनात मामूने गोदाम झाडून घेतलं होतं, तरी कोपऱ्याकोपऱ्यात कापसाचे पुंजके होतेच. अब्बांनी ते मला हाताने वेचायला लावले. मशीनभोवती वाळूच्या बादल्या ठेवल्या. मग मला दाराशी उभं केलं. "काही झालं तर आधी दार उघडायचं. माझ्याकडे पाहायचं नाही."

दुपारी दीड-दोनशे माणसं आली. जिनातले मजूर, तांड्यावरच्या बाया, बाजारातली पोरं. मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या पेटल्या, पांढराफक उजेड पडला आणि पडद्यावर एक लंबूटांग शिंपी धावू लागला. गोदामात चिडीचूप.

"आवाज कुठी हाय?" कोणीतरी ओरडलं.

"मशीन बिघडली वाटते!"

पहिलं रीळ संपलं, कोणी हसलं नाही. दोघं-तिघं उठून गेले. मी अब्बांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडला होता, पण हात एकसारखा फिरत होता.

दुसऱ्या रिळात त्या शिंप्याने चुकून आपला कोट नवरीच्या ओढणीला शिवून टाकला. त्याला ठाऊक नाही, तिलाही ठाऊक नाही. तो वाकला की ती ओढली जाते. पुढे बसलेली सोनाबाई नावाची तांड्यावरची म्हातारी एकदम खुदकन हसली आणि आपल्या सुनेला म्हणाली, "पाय, पाय, हा मुडदा तुह्या नवऱ्यासारखाच चालते!" हशा पिकला. मग तो थांबेचना. शिंप्याचा कोट शेगडीला लागून धुमसू लागला तेव्हा लोक एकमेकांच्या अंगावर पडत होते.

अब्बा तो हशा ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांचा हात थांबला.

एक क्षणच. पडद्यावर शिंपी गोठला; थांबलेली फिल्म दिव्याच्या आचेने भाजू लागली. त्याच्या छातीवर तपकिरी डाग उमटला, फुगला, आणि मध्ये पांढरं भोक पडलं. लोकांना वाटलं शिंपी पेटला. टाळ्या, शिट्ट्या! मी अडसर काढला, दार ढकललं, आणि सांगितलेलं मोडून मागे पाहिलं. अब्बांनी दोन्ही हातांनी फिल्म वरून आणि खालून तोडली, जळता तुकडा वाळूत फेकला आणि रिळाच्या डब्यावर स्वतःला झोकून दिलं. पिवळा धूर उठला. वाळूत तो तुकडा फुसफुसत जळून गेला. लोक अजून हसतच होते. त्या हशामुळे कोणी पळालं नाही, कोणी कोणाला तुडवलं नाही.

"खेळ खतम!" अब्बा म्हणाले. बोटं भाजली होती.

"अजून दाखवा नं, चाचा!" सगळं गोदाम ओरडत होतं.

उन्हं उतरल्यावर अब्बांनी मामूकडून कुदळ घेतली. जिनामागच्या मोकळ्या रानात खड्डा केला, तिन्ही रिळं त्यात टाकली आणि लांबून पेटता बोळा फेकला. माणसाच्या उंचीची ज्वाळा उठली आणि बघता बघता संपली. मी रडत होते. ते म्हणाले, "हसले ना? बस."

दुसऱ्या दिवशी घरी पोचलो. अम्मीने आधी त्यांच्या हाताची पट्टी पाहिली, मग विचारलं, "लोक हसले?"

"पोट धरून," अब्बा म्हणाले.

आता माझी नातवंडं मोबाइलवर असले जुने मूकपट बघतात आणि त्यांना हसून हसून उचकी लागते. दुकानात बसलेल्या त्या कॉलेजातल्या पोराला काय उत्तर द्यायचं ते मला आता ठाऊक आहे. हसू मलाही येतं. पण चित्र मध्येच अडकलं, पडद्यावरचा माणूस पाय उचलून तसाच थांबला, की माझा श्वास अडकतो. तो पाऊल टाकेपर्यंत सुटत नाही.