आवळलेल्या काचा

प्रयोगशाळेत तिला सगळे पक्कड म्हणत. तोंडावर नव्हे, पण पाठ वळली की हमखास. बाईंनी आवळलेला स्क्रू बापजन्मात सुटायचा नाही, म्हणून हे नाव. घरी नवरा हात जोडायचा, "बरणीचं झाकण तेवढं तू लावू नकोस गं! उघडायला मग तुलाच बोलवावं लागतं." बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवून, लेक हाताशी आल्यावर ती संशोधनाकडे वळली, तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. या वयात कसली पीएचडी! तिनं सरळ कानाडोळा केला.

तिचं काम ऐकायला अवघड, पण सांगायला सोपं. अर्धवाहकाच्या एका पातळ पापुद्र्यावर लेझरचा क्षणभराचा झोत मारायचा. त्यातली प्रकाशाची लाट उजवीकडे पिळत गेली, तर आतले इलेक्ट्रॉन एका गटात उठतात. डावीकडे पिळत गेली, तर दुसऱ्या. लगेच मागून दुसरा झोत पाठवायचा आणि कुठल्या गटात किती उरले ते बघायचं. घाई करावी लागते, कारण हे इलेक्ट्रॉन महाविसरभोळे. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या अब्जाव्या हिश्श्यातच डावं-उजवं विसरून एकमेकांत मिसळून जातात. पक्कडच्या पापुद्र्यातले मात्र जरा जास्त वेळ लक्षात ठेवत होते. तिचं म्हणणं एवढंच, आणि सगळा प्रबंध त्यावरच उभा होता.

शोधनिबंध संध्याकाळी पाठवायचा होता. सकाळी तिनं एक शेवटची तपासणी घेतली, न पिळलेल्या, सरळ प्रकाशाची. त्यात ना डावं ना उजवं, त्यामुळे दोन्ही गट सारखे भरायला हवेत आणि फरक शून्य यायला हवा. पडद्यावर तो शून्य नव्हता. चांगला ठसठशीत होता.

तिच्या पायाखालची जमीन सरकली. इतके दिवस मोजलं ते इलेक्ट्रॉनांचं लक्षात ठेवणं नव्हतंच की काय? सगळा यंत्राचा खोडसाळपणा? ही तपासणी कुणी मागितली नव्हती. गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे तिनंच शाळेत मुलांना कितीदा ऐकवलं होतं. ती उठली आणि सरांच्या खोलीत गेली.

"सर, निबंध आज पाठवू नका."

निवृत्तीला टेकलेल्या सरांनी चष्मा काढला. "बाई, आता काय झालं?"

"सरळ प्रकाशालाही फरक येतोय."

सरांचा चेहरा उतरला, पण ते रागावले नाहीत. "चला, बघू या," म्हणाले.

दोघांनी लेझर तपासला, आरसे पुसले, तारा काढून पुन्हा लावल्या. सगळं ठीक. शेवटी उरली ती पापुद्रा ठेवायची पेटी. आतली हवा काढून घेतलेली, आणि झोत आरपार जावा म्हणून समोरासमोर दोन काचा. पापुद्रा बाजूला सरकवून पक्कडनं पेटीमागे दिवा लावला आणि दोन्ही बाजूंना, एकाच दिशेची लाट आरपार जाऊ देणाऱ्या पोलरॉइडच्या चकत्या धरल्या, एक उभी, एक आडवी. मधल्या काचा निर्दोष असत्या तर नुसता काळोख दिसला असता. इथे प्रत्येक स्क्रूजवळ उजेडाचा डाग होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

"या काचा कुणी बसवल्या?" सरांनी विचारलं.

"मीच. अगदी पहिल्या मोजमापाच्या आधी."

"किती आवळल्यात?"

"जितक्या आवळता येतील तितक्या."

"अहो बाई, आत हवा नाही. बाहेरची हवाच काचा दाबून धरते. स्क्रू आपले नुसते सोबतीला असतात!"

पक्कड कानापर्यंत लाल झाली. इतकी आवळलेली काच आतून ताणली जाते आणि सरळ प्रकाशालाही थोडा पीळ देते, हे तिला पुस्तकातून चांगलं ठाऊक होतं. ते आपल्या हातांनाही लागू आहे, हे मात्र कधी सुचलं नव्हतं. तिनं एकेक स्क्रू जरासा सैल केला. डाग विरत गेले. पेटीतला दाब जागचा हलला नाही.

पापुद्रा पुन्हा जागेवर आणला, आणि सरळ प्रकाशाचा फरक आता शून्यावर आला. पण खरी परीक्षा पुढेच होती, कारण या पिळाबरोबर तिचा मूळ निकालही उडून गेला तर? तिनं उजवा झोत सोडला, मग डावा. सर पडद्याकडे बघेचनात, खिडकीबाहेर बघत राहिले. रेघ वर चढली आणि पूर्वीसारखीच सावकाश खाली येऊ लागली. उलट पूर्वीपेक्षा थोडी ठळकच.

"सर, आहे," ती म्हणाली.

तिचा जीव भांड्यात पडला. सर तिथल्याच हत्यारांच्या खोक्यावर मटकन बसले आणि लहान मुलासारखे हसायला लागले.

बाहेर जिन्यात येऊन तिनं नवऱ्याला फोन लावला. "अरे, खरं निघालं," एवढं म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.

"अगं, मग रडतेस कशाला? तुला तर कधी शंकाही आली नव्हती."

"रोज यायची. रोज वाटायचं, मला जे हवंय तेच मला दिसतंय."

"मग मला का नाही बोललीस?"

"तू धीर दिला असतास. मला धीर नको होता रे, उत्तर हवं होतं."