चौदा नंबरचा बिल्ला

कर्णिकसाहेबांचं नाव आधी सांगतो, मग काय झालं ते. कारण यात चूक माझी होती, नुकसान त्यांचं झालं, आणि तरीही माझी नोकरी टिकली ती त्यांच्यामुळे.

तर त्या बुधवारी ते माझ्या खिडकीशी, कामगारांची माहिती ते ज्यांवर लिहीत त्यांतली दोन कार्डं घेऊन उभे होते.

“टाइमकीपर, चौदा नंबरचं वय सोमवारी चौतीस होतं. आज बावीस आहे. सोमवारी तीन मुलं होती, आज लग्नच झालेलं नाही. तुमच्या पौडची हवा एवढी चांगली आहे का?”

 मी म्हणालो, “साहेब, लिहिताना चूक झाली असेल.”

त्यांनी चष्मा वर केला, सोमवारचं कार्ड पुन्हा पाहिलं. “शक्य आहे. त्या करवतीच्या आवाजात मला नीट ऐकू येत नाही, आणि तोंडं लक्षात राहत नाहीत.” आणि त्यांनी खिशातून रबर काढून ‘तीन मुलं’ खोडून टाकली. 

आमचा पौडचा कारखाना लाकडी पेट्यांचा. पुण्याच्या कारखान्यांतून यंत्रांचे भाग परगावी जायचे ते आमच्या पेट्यांतून. माणसं अठ्ठेचाळीस, बहुतेक सगळी मुळशी तालुक्यातल्या खेड्यांतली, घरची भातखाचरं असलेली. मी एकटा चांद्याकडचा. वडील गेल्यावर सहावीत शाळा सुटली, आणि ओळखीतून ओळख काढत इतक्या लांब येऊन पडलो. माझी बोली ऐकून सुरुवातीला सगळे हसायचे. नोकरी गेली तर परत जायला तोंड नव्हतं.

टाइमकीपर म्हणजे हजेरी लिहिणारा. गेटाजवळ खिळे ठोकलेला एक फळा होता. प्रत्येक कामगाराला पत्र्याचा एक बिल्ला, त्यावर नंबर. आत आला की बिल्ला खिळ्याला अडकवायचा. भोंगा झाला की मी फळ्यावर बघून मस्टरमध्ये, म्हणजे हजेरीच्या पुस्तकात, खुणा करायच्या. माझ्या आधीच्या टाइमकीपरने जाताना मला एकच गोष्ट शिकवली होती : “बिल्ला बघायचा. तोंड बघत बसायचं नाही.”

कर्णिकसाहेब मुंबईच्या एका गिरणीत बारा वर्षं अधिकारी होते. चाळिशी उलटलेली, कानाजवळ केस पांढरे. आणि हा माणूस अमेरिकेत विद्यार्थी होता! बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे कारखाना, कचेरी, माणसं कशी चालवायची, यातली डॉक्टरेट करत होता. आमच्या मालकांची ओळख काढून ते वर्षभराच्या मुदतीवर माहिती गोळा करायला आले होते. मला याचं फार नवल वाटे. एक दिवस धीर करून विचारलं.

“साहेब, नोकरी चांगली होती, तर मग पुन्हा शाळा कशाला?”

“बारा वर्षं एकच प्रश्न छळत होता. माणूस कामावर का येत नाही? गिरणीत मी दंड करून पाहिला, बक्षीस देऊन पाहिलं. उत्तर काही सापडेना.”

“ते तिकडे पुस्तकात असेल ना?”

“पुस्तकात असतं तर टपालाने मागवलं असतं. ही पदवी काम केलेल्या माणसांसाठीच आहे. प्रश्न कामातून आणायचा, उत्तर कामाला लागेल असं शोधायचं.”

सहावीतून बाहेर पडलो तेव्हा माझ्या मते शाळेचं दार कायमचं बंद झालं होतं. चाळिशीनंतरही ते ढकलता येतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

आणि याच माणसाला आमचा कारखाना म्हणजे खाणच सापडली होती. पाच वर्षांच्या मस्टरमध्ये गैरहजेरी जवळजवळ नाही. भाताच्या ऐन लावणीच्या दिवसांतसुद्धा नाही! ते सहा महिने माझ्या मस्टरवरून तक्ते काढत होते. या कामगारांना असं काय आहे जे गिरणीतल्यांना नाही, यावर त्यांचा प्रबंध उभा राहत होता.

खरं काय ते मला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. बिल्ला माणसाचा नव्हताच. तो घराचा होता. चौदा नंबरचा मारुती ढमाले लावणीला गेला की तोच बिल्ला घेऊन धाकटा ज्ञानू यायचा. ज्ञानूला जमलं नाही तर चुलतभाऊ. एकदा मी मारुतीला हटकलं होतं.

“आवो चांदेकर,” तो म्हणाला, “खाचरात आमी सावड करतो. आज समदी माज्या खाचरात, उद्या मी त्येंच्या. माज्या जागी भाऊ गेला तर कुनी इचारतं का? तुमची करवत थांबली का कंदी?”

“नाही.”

“मग! बिल्ला घरी दाराच्या खिळ्याला असतो. जो मोकळा त्यो उचलतो. तुमी लई इचार करता.”

विचार मी त्या बुधवारनंतर खरोखरच केला. साहेब माझ्या शब्दावर विसंबून बरोबर लिहिलेलं कार्ड चूक करत होते. असंच चाललं तर अमेरिकेतल्या मोठ्या लोकांसमोर ते माझं खोटं घेऊन उभे राहणार होते. सांगावं तर मस्टर खोटं ठरतं, आणि ते लिहिणारा मी.

गुरुवारी सकाळी भोंगा झाल्यावर मी खिडकी लावली आणि त्यांच्या टेबलाशी गेलो.

“साहेब, ती तीन मुलं पुन्हा लिहा. ती आहेत.”

मग सगळं सांगितलं.  शेवटी त्यांनी विचारलं, “असे किती बिल्ले?”

“एकतीस.”

त्यांनी तक्त्यांच्या गठ्ठ्यावर हात ठेवला.  मला वाटलं, आता आवाज चढणार.

“काम कधी थांबलं?”

“कधीच नाही, साहेब.”

“करवतीवर कोणीही येतं?”

“नाही हो. ज्याला मारुतीने स्वतः शिकवलंय तोच. नवा असला तर आठ दिवस नुसता फळ्या उचलतो. त्यांचं ते ठरलेलं आहे.”

“कोणी ठरवलं?”

“त्यांनीच.”

कर्णिकसाहेब उठून उभे राहिले. चेहरा असा की हरवलेलं काहीतरी सापडलंय. “अहो, मी बारा वर्षं विचारतोय माणूस का येत नाही, आणि इथे माणूस येत नाही तरी काम थांबत नाही! चला, मला मारुतीकडे न्या.”

पण त्याआधी गोष्ट मॅनेजर लिमयेसाहेबांच्या कानावर गेली. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं.

“मस्टर खोटं,” ते मला म्हणाले. “उद्या करवतीखाली कोणाचा हात गेला तर मी इन्स्पेक्टरला कोणाचा म्हणून सांगू? बिल्ल्याचा? तुम्ही आजच निघा.”

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. मी मान खाली घातली.

“लिमये, एक मिनिट,” कर्णिकसाहेब म्हणाले. “पाच वर्षं तुम्ही रोज राउंड घेता. ज्ञानू तुम्हाला कधी दिसला नाही?”

लिमयेसाहेब टेबलावरचे कागद नीट करू लागले.

“माझे सहा महिने यांच्या मस्टरमुळे वाया गेले. तक्रार करायचीच तर मी करायला हवी, आणि मी करत नाही. यांना काढलंत तर या कारखान्यात मला खरं सांगणारा उरत नाही.”

दोन दिवस घोळ चालला. शेवटी ठरलं ते असं. प्रत्येक बिल्ल्यामागे घरातली जास्तीत जास्त तीन नावं नोंदवायची, काम शिकलेली माणसंच. मस्टरमध्ये आणखी एक रकाना : आज प्रत्यक्ष कोण. मारुतीने अंगठा उठवताना मला टोमणा मारला, “म्हंजे आता तोंडबी बघावं लागनार व्हय तुमाला!”

कर्णिकसाहेबांनी जुने तक्ते गुंडाळून ठेवले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. वर्षाची मुदत पुरली नाही. वर आणखी एक वर्ष लागलं, गिरणीने त्यांच्यासाठी राखून ठेवलेली जागा गेली. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. गिरणीने त्यांच्याबद्दल पाठवलेलं पत्र लिमयेसाहेबांनी मला वाचून दाखवलं तेव्हा कळलं.

धडा म्हणाल तर एवढाच : हजेरी माणसाची घ्यायची की कामाची, हे मस्टर छापण्यापूर्वी ठरवावं.

साहेब निघाले तेव्हा मी त्यांना म्हणालो होतो, “साहेब, तुमचं हे कसं फेडू?” ते म्हणाले, “प्रबंध झाला की एक प्रत पाठवीन. तुम्ही स्वतः वाचायची आणि चुका कळवायच्या. तिकडच्या प्राध्यापकांना त्या सापडणार नाहीत.” मी हसलो. मला इंग्रजी फक्त नावं लिहिण्यापुरतं येत होतं.

प्रत आली. निळ्या पुठ्ठ्याची, विटेएवढी जाड. मी डिक्शनरी घेऊन बसतो, जेवणाच्या सुट्टीत एक पान. मॅट्रिकचा फॉर्मही बाहेरून भरला आहे. सध्या एकेचाळिसाव्या पानावर आहे. तिथे लिहिलंय की चौदा नंबरच्या बिल्ल्यावर तीन माणसं काम करत.

चार करत होती. चौथा मारुतीचा मेव्हणा. तो घरातला नव्हता, म्हणून त्या गुरुवारी घाबरून मी त्याचं नाव गाळलं होतं.

साहेब, हे मी तुम्हाला कळवणार आहे. सगळी पानं संपली की, स्वतःच्या इंग्रजीत, स्वतःच्या हाताने. थोडा वेळ द्या.