काकांचं घोरणं थांबलं

आज दुपारी वाट लागली होती यार.

मी बोरीवलीच्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. एका काकांच्या हृदयाचे ठोके बिघडलेत, म्हणून गाढ झोपेचं औषध देऊन प्रोसिजर होती. घोरणाऱ्यांचा श्वास ह्या औषधाने अडकू शकतो, म्हणून आधी विचारलं, "काका घोरतात?" काकू सुनेकडे बघून म्हणाल्या, "छे हो, सिस्टर!"

औषध चढलं तसे काका जोरजोरात घोरायला लागले. मग एकदम शांत. छाती हलत होती, पण घसा आतून बंद झाल्याने श्वास आत जात नव्हता! भूलतज्ज्ञ मॅडमनी झटकन जबडा पुढे ओढला, मास्कने ऑक्सिजन दिला. तेव्हा कुठे श्वास आला.

बाहेर काकू रडल्या. "रोज घोरतात हो. पण सुनेसमोर ह्यांची अब्रू कशी काढू?"

मी ओरडणारच होते. पण परवा पप्पांच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीत आई ह्याच प्रश्नाला चक्क खोटं "नाही" म्हणाली, आणि मी नर्स असून गप्प बसले.

ऑपरेशन अजून व्हायचंय, म्हणून आत्ता पप्पांच्या हॉस्पिटलला फोन लावतेय. तुमच्या घरी कोण घोरतं?