जागा धरल्याली हाय

माहूरच्या दुकानदारांना मी ओटीचा माल पुरवते. खण, बांगड्या, कुंकू, हळद, सगळं. देवीच्या दारात माझं पोट चालतं, पण अंगात येणं, करणी, भानामती असल्या गोष्टींना मी कधी हिंग लावून विचारलं नाही. एकदा अंगात आलेल्या एका बाईने घुमता घुमता माझा खण उचलला. मी तो तिच्या हातातून ओढून घेतला, तर तिचं वारं जागच्या जागी उतरलं! तेव्हा 'ताई भोळ्या दिसतात' असं लिहायला ज्यांची बोटं शिवशिवत असतील, त्यांनी आधी शेवटपर्यंत वाचावं.

माझं दुकान नांदेडला आहे. डोक्यावरच्या टोपलीतून बांगड्या विकत सुरुवात केली. कुणी हाताला धरून वर आणलं नाही, त्यामुळे कुणाला भिऊन राहायची सवय नाही. माझ्या भावाची मुलगी पल्लवी लातूरला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दादाचं गाव हिमायतनगरच्या पलीकडे. म्हणून सुट्टी लागली की पल्लवी आधी बसने नांदेडला माझ्याकडे येते, मुक्काम करते, मग गावी जाते.

दिवाळीच्या सुट्टीला ती अशीच दुपारच्या बसने निघाली. तिसऱ्या बाकावर, खिडकीशी. चाकूरला एक माणूस चढला आणि शेजारी बसला. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, मनगटात चांदीचं कडं... बघणाऱ्याला वाटावं सज्जन आहे. आधी खांदा टेकवला, मग झोपेचं सोंग, मग हात. पल्लवी ओरडली. मोठ्याने ओरडली — आमच्या घरात हळू कुणी बोलतच नाही. बस भरलेली होती. कुणी खिडकीबाहेर बघितलं, कुणी मोबाईलमध्ये. कंडक्टर म्हणाला, "ताई, तुम्ही पुढं येऊन बसा." तिने! तिने उठायचं! आणि तो पुढच्या स्टँडवर शर्ट नीट करत उतरून गेला.

नांदेडला ती उतरल्यावर मी तिला तशीच पोलीस ठाण्यात घेऊन गेले. कुठल्या ते लिहीत नाही.

"घडलं कुठं?" टेबलामागच्या साहेबांनी विचारलं.

"चालत्या बसमध्ये. चाकूरच्या पुढं."

"मग ही आमची हद्द नाही, बाई."

"साहेब, बस काय तुमच्या हद्दीत आल्यावर हॉर्न वाजवून सांगती का?"

तक्रार कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते आणि नंतर ती योग्य ठाण्याकडे पाठवतात, हे मला पुढे एका वकीलबाईंनी सांगितलं. तुम्हीही लक्षात ठेवा. मला त्या दिवशी माहीत असतं तर मी तिथून हलले नसते. त्यांनी एक साधा अर्ज ठेवून घेतला आणि वर म्हणाले, "माणूस कोण ते कळलं तर कळवा." म्हणजे आम्ही शोधायचा!

दादा दुसऱ्या दिवशी आला. "बास झालं शिक्षण. पोरगी घरी चालली."

"दादा, घाण त्यानं केली अन् कॉलेज हिचं बंद?"

"मंदे, मी तुझ्या दुकानातलं गिऱ्हाईक न्हाई. घासाघीस करू नको."

केली. दुपारपासून दिवा लागेपर्यंत केली. पल्लवी कोपऱ्यात बसून ऐकत होती. शेवटी तीच म्हणाली, "मला एकदा त्याच बसनं जाऊ द्या. तो रोजचाच पॅसेंजर असणार, दिसला की मी ओळखीन." त्यावर सौदा ठरला. सुट्टी संपली की ती परीक्षेपुरती लातूरला जाईल. परतीला त्याच बसने येईल, मी सोबत. तो सापडला आणि गुन्हा नोंदला गेला तर शिक्षण पुरं करायचं. नाहीतर पेटी उचलून कायमची गावी. एवढा तोट्याचा सौदा मी आयुष्यात केला नव्हता.

ठरल्या दिवशी लातूरच्या स्टँडवर बस लागली आणि झुंबड उडाली. आमच्याकडच्या लोकांना सांगायला नको. खिडकीतून रुमाल टाकला की जागा तुमची. टोपी, पिशवी, वेळ पडली तर लेकरूसुद्धा खिडकीतून आत जातं. माणसं कोपरं मारतील, पाय तुडवतील, पण दुसऱ्याच्या रुमालाला हात लावणार नाहीत.

पल्लवी तोंडाला स्टोल बांधून त्याच बाकावर, खिडकीशी बसली. मी पलीकडच्या रांगेत, एक बाक मागे. तिच्या शेजारची जागा रिकामी ठेवायची होती. जो बसेल त्याच्याशी भांडायच्या तयारीनेच मी आले होते. पण भांडावं लागलं नाही. जागेवर रुमाल होता. बायकी, लहान, पांढरा, कडेला निळ्या दोऱ्याचं विणकाम. मनात म्हटलं, पोरगी आत्यावर गेली! बसमध्ये माणसं उभी होती, तरी जो तो रुमाल बघून मागे सरकत होता.

"कुणाची हाय जागा?" एका बाईने विचारलं.

पल्लवीने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "यायल्यात, यायल्यात."

चाकूरला तो चढला. पल्लवीने मान वळवून माझ्याकडे एकदाच बघितलं. कडं मलाही दिसलं. माझं डोकं भणाणलं, पण दात आवळून बसले. उभ्या माणसांतून वाट काढत तो बरोबर तिथेच आला. "उगं रुमाल टाकून ठेवत्यात," असं म्हणत त्याने रुमाल उचलला आणि मुठीत चुरगाळला.

"जागा धरल्याली हाय."

बाईचा आवाज. घसा बसलेला... ओरडून ओरडून बसतो तसा. मी बाजारात वाढलेली बाई आहे. गर्दीत कोण कुठून भाव विचारतंय ते मला न बघता कळतं. तो आवाज त्या रिकाम्या जागेवरून आला.

"कोण बोललं?" तो म्हणाला.

पल्लवीने स्टोल सोडला. "मी न्हाई बोलले. पण मला ओळखलंस का?"

तो मागे फिरला तोवर मी त्याची कॉलर धरली होती. जोर केला असता तर तो सुटला असता. पण त्याचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. तो स्वतःच्या मुठीकडे बघून राहिला होता. "सुटंना... अवो, हात सुटंना माझा!"

"नाटकं करतो का रे?" मी त्याचं एक बोट धरून ओढलं. सळई ओढल्यासारखं वाटलं. हललं नाही.

कंडक्टर आला. या वेळी दुसरा होता, पण बोलला तेच. "मावशी, पुढच्या स्टँडवर बघू. पॅसेंजरचा खोळंबा व्हायलाय."

"मावशी तुझ्या घरी! बस ठाण्यात घे. नाहीतर मी दारात आडवी पडते, मग बघ कोण उतरतंय."

तेवढ्यात मागून एक दाढीवाले चाचा उठले. "ठाणे कू लेव गाडी. मैं खुद सुन्या कानां से. औरत बोली, जागा धरेली है." त्यांच्या पुढची बाई म्हणाली, "मी बी ऐकलं." मग आणखी दोघं. बस ठाण्यात गेली.

तिथे एक महिला हवालदार होत्या. त्यांनी पल्लवीला पाणी दिलं, आतल्या खोलीत नेलं आणि म्हणाल्या, "घाई न्हाई, बाळा. तुझ्या शब्दांत सांग. मधी कुणी बोलणार न्हाई." एवढंच करायचं असतं हो! त्याला काय डोंगर फोडावा लागतो?

बाहेर दोन शिपाई त्याची मूठ उघडत होते. तेल चोळलं, कोमट पाण्यात हात बुडवला. तो लेकरासारखा रडत होता. आत पल्लवीचं बोलणं चाललं होतं. गुन्हा नोंदला गेला, तिने सही केली, ती आणि हवालदार बाई बाहेर आल्या... आणि त्याची बोटं आपोआप उघडली. रुमाल खाली पडला. मी उचलला. कापडात माझी हयात गेली आहे. तेलापाण्यातून निघालेला रुमाल कोरडा होता. एकही चुणी नाही. आत्ता इस्त्री केल्यासारखा.

"रुमाल कुणाचा?" हवालदार बाईंनी विचारलं.

"पल्लवीचा," मी म्हणाले. "आत्याचा," पल्लवी म्हणाली. एकदमच.

साक्षीदारांचे जबाब घेताना खरी पंचाईत झाली. त्याला हटकणारी बाई कोण? एकजण म्हणे खिडकीकडून आवाज आला, बाकीचे म्हणे जागेवरूनच. हवालदार बाईंनी पेन ठेवला. "रिकामी सीट बोलली असं लिहू का मी?"

"लिखो ना," चाचा म्हणाले. "बोली तो बोली."

शेवटी 'अनोळखी महिला प्रवासी' असं लिहिलं. रुमाल जमा करून घेतला. मालक अजून सापडलेला नाही.

डॉक्टर म्हणतात, हाताला गोळा आला असेल. दादा म्हणतो, रेणुकामाता. मी त्याला विचारलं, देवीला एवढी काळजी होती तर पहिल्या फेरीला कुठं होती? पल्लवी म्हणते, ती कुणीतरी तिच्याआधी त्याच रस्त्यावर ओरडलेली बाई असेल. मला कळत नाही, आणि न कळलेल्या गोष्टीवर मी दुकान मांडणार नाही.

पल्लवी कॉलेजात आहे, त्याच बसने येते-जाते. केस कोर्टात आहे. त्याचे भाऊबंद दुकानात येऊन गेले. "मिटवून घ्या, ताई, तुम्ही तर व्यवहारी बाई." मी त्यांना सगळ्या बाजारासमोर सांगितलं, माझ्याकडे खणाचा भाव होतो, भाचीचा नाही. परत आले तर परत सांगेन.

त्या आवाजाचं कारण कुणाला सुचत असेल तर खाली लिहा, वाचेन. पण आधी मला दुसरं सांगा. त्या पहिल्या दिवशी बसमध्ये जिवंत, तिकीट काढलेली, धडधाकट माणसं बसली होती. माझी भाची त्यांच्या कानाशी ओरडत होती. त्यांतल्या एकाचाही आवाज का निघाला नाही? माझी झोप त्या रिकाम्या जागेने उडवलेली नाही. भरलेल्या जागांनी उडवली आहे.