आईच्या हातावरची चिलापी

तळणीची कढई कलंडली आणि उकळतं तेल आईच्या उजव्या हातावर सांडलं. याच हातात कोयता धरून तिने जन्मभर उरणच्या बाजारात मासळी विकली, मला शिकवलं. पनवेलच्या दवाखान्यात नेताना आमची रिक्षा जासईला कंटेनरच्या रांगेत अडकली. आई एकच विचारत होती, "मूठ मिटंल ना गो माझी?"

रोज पट्टी सोलताना ती अशी किंचाळायची की मी कान झाकून बाहेर पळायचे. आमच्यात जखम असली की मासे वर्ज्य, पू होतो म्हणतात. खांदा कॉलनीतल्या माझ्या घरातलं सुकट, बोंबील सगळं मी शेजारणीला देऊन टाकलं होतं.

आणि पाचव्या दिवशी डॉक्टर म्हणतात, "आता माशाची कातडी लावून बघू."

माझं डोकंच फिरलं. "आम्ही कोळी म्हणून थट्टा करता का हो?" मी भर वॉर्डात ओरडले.

डॉक्टरांनी पाकीट फोडलं. अगं बाई, आत खरंच कातडी! खवले काढून निर्जंतुक केलेली. ती जखमेला चिकटून राहते, ओल टिकवते, रोज पट्टी सोलावी लागत नाही, असं त्यांनी समजावलं. जे आम्ही मांजरांपुढे टाकलं, ते आईच्या हातावर!

आईने विचारलं, "कंच्या माशाची?"

"चिलापी."

"शी! तल्यातली? खाडीतल्या जिताड्याची नाय गावली?"

डॉक्टर हसले. मला हसावं की रडावं कळेना.

दुसऱ्या दिवशी आई किंचाळली नाही, तिने चक्क चहा मागितला. दोन आठवड्यांनी ती कातडी वाळून कडेने सुटली. खाली कोवळी, गुलाबी, तिची स्वतःची. आईने ओठ आवळून एकेक बोट मिटलं. मूठ वळली!

तीच मूठ तिने माझ्या नाकाशी आणली. "बघ, वास येतो काय?"

लग्न झाल्यापासून माझ्या बेसिनवर तिच्यासाठी लिंबाची फोड ठेवलेली असायची. हात चोळ, मग नातीला घे, असं मीच तिला सांगायचे. मी हुंगलं. नुसता औषधाचा वास. लाजेने मला रडूच फुटलं.

"नाही येत गं, आई."

"मग रडतंस कशाला?" ती म्हणाली. "चार दिस थांब, येल परत."