काकूंची सीट

आमच्या समोरच्या बंगल्यातल्या तात्यांइतका लोकांना गाडीत बसवायला उतावीळ माणूस उभ्या बारामतीत सापडणार नाही, आणि गाडीत धड बसू न देणाराही दुसरा सापडणार नाही. कॉलनीतल्या कुणाला इंदापूरला कोर्टात जायचंय, कुणाला पिंपळीला साखरपुड्याला, असं नुसतं कानावर आलं की तात्या फडकं घेऊन गाडी पुसायला लागतात. नको म्हणायची सोय नाही. मात्र बसायचं मागं. माणसं चार असोत की पाच, वर एखादं लेकरू आणि आंब्याची पेटी असो, सगळ्यांनी मागच्या सीटवर एकमेकांच्या मांडीवर संसार थाटायचा. पुढची डावी सीट काकूंची. तिच्यावर काकूंची पाठीला घ्यायची उशी, ओव्याची डबी, आणि उशीभोवती रीतसर आवळलेला बेल्ट. "पुढच्यानं बेल्ट लावायलाच पायजे, दंड हाय," असं तात्या वर आम्हालाच समजावतात.

काकूंना मागं बसलं की मळमळायचं, हे खरं. एसीनं त्यांचं डोकं धरायचं, हेही खरं. म्हणून भर मे महिन्यात आम्ही काचा खाली करून भाजत जातो. त्यांची कंबर दुखायची, म्हणून गतिरोधक आला की तात्या खाली कुणी झोपलं असावं अशा बेतानं गाडी चढवतात. सगळं अगदी खरं. फक्त काकू जाऊन तीन वर्षं झाली. मी स्वतः खांदा दिलाय त्यांना.

तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि दूधवाल्यानं फाटकात उभं राहून हळूच विचारलं, "तात्या, दूध किती घालू आता?" तात्या म्हणाले, "रोजच्याइतकंच घाल की. ती शेळगावला गेलीय आईकडं. यील चार दिसांत." दूधवाल्यानं माझ्याकडं बघितलं, मी कुंडीतल्या तुळशीकडं. त्या वेळी कुणी काही बोललं नाही आणि मग बोलायची वेळच निघून गेली. गेलेलं माणूस परत आणणं देवाच्या बापालाही जमलेलं नाही. आमच्या कॉलनीनं ते नुसतं गप्प बसून करून दाखवलं. संक्रांतीला बायका काकूंचं वाण तात्यांच्या हातात देतात, आणि तात्याही संकोचून ते त्या सीटवर नेऊन ठेवतात.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचे चाचा कॉलनीत नवे होते तेव्हा दुखरा गुडघा घेऊन सरळ पुढं जाऊन बसले. तात्या रागावले नाहीत. उतरले, गटाराच्या कठड्यावर जाऊन बसले आणि स्वतःच्या चपलांकडं बघत राहिले. आम्ही चाचांच्या कानात सांगितलं. चाचा मुकाट्यानं मागं येऊन आमच्यात कोंबले गेले, आणि गाडी सुरू झाल्यावर म्हणाले, "वहिनी बऱ्या हायत न्हवं, तात्या?" "बरी हाय की," तात्या म्हणाले. त्या दिवसापासून चाचा आमचे झाले. सुरुवातीला आम्ही घरात हसायचो, खोटं कशाला बोलू. पुढं हसू आटलं आणि भीती राहिली, की एखादं माणूस एखादा शब्द चुकून बोलून जाईल आणि तात्या जागच्या जागी मोडतील.

इंदापूरहून येताना शेळगावचा फाटा लागला की तात्या गाडी हळू करत. आमच्या गप्पा थांबत. "आज ऱ्हाऊ द्या," ते म्हणत, "आईला बरं नसंल, तिचा पाय निघायचा न्हाय." गाडी कधी वळली नाही. वळणार कशी? ह्या वयात सोसायचं नाही म्हणून काकूंच्या भावांनी म्हाताऱ्या आईला काही कळवलंच नव्हतं; लेक आजारी आहे, प्रवास झेपत नाही, असं सांगून ठेवलेलं. म्हणजे बारामतीत काकू शेळगावला होत्या आणि शेळगावात बारामतीला.

गेल्या महिन्यात निरोप आला, म्हातारी जावयाला बोलावतेय. तात्या माझ्याकडं आले. "चल की माझ्यासंगं," एवढंच म्हणाले. मी मागं साहेबासारखा एकटा बसलो, पुढं उशी बेल्ट लावून बसली, आणि गाडी पहिल्यांदा फाट्यावर वळली.

म्हातारी ओसरीत बाजेवर पडून होती. तात्यांनी घोकलेलं म्हणून टाकलं, "येनार हुती, पर जरा कणकण हाय तिला."

म्हातारीनं त्यांचा हात धरून शेजारी बसवलं. "जावईबापू, संक्रांतीचं वाण लुटलं की माझी लेक दुसऱ्या दिशी हितं यायची. तीन संक्रांती गेल्या. मला कळत न्हाय व्हय? पोरं माझ्यासाठी गप हायत, मी पोरांसाठी गप हाय. ह्या घरात तिच्यासाठी मोकळं रडाया कुणी न्हाय. तुमी तरी माझ्यासंगं रडा की."

मी ओसरीवरून उतरून गोठ्याकडं निघून गेलो. तिथंपर्यंत ऐकू येत होतं.

निघताना तात्यांनी पुढचं दार उघडलं, बेल्ट सोडला, उशी उचलून मागं ठेवली. "बस," म्हणाले. मी बसलो आणि गुडघे डॅशबोर्डवर आपटले. काकू ठेंगण्या होत्या. सीट त्यांच्या मापानं पार पुढं ओढलेली. "मागं घे की सीट," तात्या समोर बघत म्हणाले. माझा हात खाली सीट सरकवायच्या दांड्यापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. "बसतंय की, तात्या," मी म्हणालो. त्यांनी गाडी सुरू केली. बारामती येईपर्यंत मी गुडघे छातीशी घेऊन बसलो.

आता तात्या कुणालाही पुढं बसवतात. दूधही कमी केलंय. चाचा बसतात, माझा सहा फुटी मेहुणा बसतो. दांडा कुठं आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. अजून कुणी तो ओढलेला नाही. चाचा गाडीतून उतरले की तो दुखरा गुडघा चोळत थोडा वेळ उभे राहतात आणि मग दुकानाकडं जातात.